भिंतीपलीकडची लाइन

८ मार्च, शनिवार

परवाच्या पानावर मी लिहिलं की माझ्याकडे दोन कनेक्शन आहेत. ते चूक आहे. खोडत नाही, पण इथे दुरुस्त करते — माझ्याकडे एकच आहे.

वायर एक आणि वायफाय एक, असं मी धरलं होतं. पण दोन्ही राउटरच्या त्याच एका डब्यातून येतात! एका विहिरीवर दोन दोर सोडले म्हणून विहिरी दोन होत नाहीत. सकाळी शंका आली म्हणून भिंतीतून डब्यात येणारी ती पिवळी बारीक तार काढून पाहिली. कॉम्प्युटरचं नेट गेलं, फोनचंही गेलं. एकदमच.

आणि नव्या नोकरीच्या कंपनीतल्या अपूर्व सरांना मी सांगून बसले होते, "हो सर, दोन आहेत." आईनं जेवायला हाक मारली, म्हटलं नंतर. आधी फोन केला. सर पुण्याहून बोलतात, शांतपणे, पुस्तकातल्यासारखं. मी एका दमात सांगून टाकलं. ते म्हणाले, बहुतेकांना हे लाइन गेल्यावरच कळतं, तुम्हाला आधी कळलं. मग अट परत सांगितली — मुख्य लाइन वायरची, आणि त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या कंपनीची एक लाइन कायम जागी. पंधरा एप्रिलपर्यंत झालं तर घरून काम पक्कं. नाही झालं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं लागेल.

पुणे! बाबा हो म्हणणार नाहीत. आणि आई हुडकेश्वरच्या या घरात एकटी कशी राहील?

मग जेवले. भूक लागली होती. खोटं पोटात नसलं की जेवण जातं.

९ मार्च, रविवार

बाबा काल संध्याकाळी गावाहून आले. आठवडाभर ते कुहीकडे शेतावर, उन्हाळी धानाला पाणी. शनिवारी इकडे, सोमवारी पहाटे परत. आज ओसरीत बसून त्यांनी मला कामाचं विचारलं. या वेळी नीट विचारलं, म्हणून मी नीट सांगितलं. खेड्यातला पेशंट तिथल्या छोट्या दवाखान्यात बसतो. मोठा डॉक्टर दूर, दुसऱ्या राज्यात. पडद्यावर दोघं समोरासमोर, पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. मी तिसऱ्या चौकटीत. इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे.

"म्हंजे तू डॉक्टर का?"

"नाही बाबा."

"कंपाउंडर?"

"नाही. दुभाषी."

"म्हंजे मधातली." थोडा विचार केला त्यांनी. "मधातल्याचं काम कठीण राह्यते गोपे. सोयरीक जमवणाऱ्यावानी. जमलं तं कोणी नाव घेत नाही, नाही जमलं तं दोन्हीकडून शिव्या."

पण खूश होते! गल्लीत दोघांना तरी सांगून आले, माह्यी गोपिका डॉक्टरसंगं बोलते. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. आईला अक्षर नाही. बाबा सही करतात, ती मी शिकवलेली.

लाइनीचं त्यांना सांगितलं नाही. आधी सोडवते, मग सांगते.

११ मार्च, मंगळवार

दुसऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यांची लाइन मागच्या गल्लीपर्यंतच आहे. आमच्या गल्लीत खांब टाकणार आहेत, "दिवाळीनंतर बघू." मला एप्रिल हवाय, हा दिवाळी सांगतोय. फोनचं नेट सरांच्या कंपनीला चालत नाही. चाललं असतं तरी आमच्या खोलीत फोन खिडकीबाहेर धरावा लागतो.

जाताना तो म्हणाला, तुमच्या बाजूच्या घरात आहे ना आमची लाइन. त्यांचं मागचं दार त्या गल्लीत उघडतं.

बाजूचं घर! म्हणजे गणपतकाकांचं.

सगळी दुनिया सोडून तेच घर. त्यांच्या गच्चीचं पाणी पन्हाळीतून आमच्या अंगणात पडायचं. बाबांनी पन्हाळी वळवायला सांगितली, तर गणपतकाका चार माणसांसमोर म्हणाले, "खेड्यातून आलेल्या लोकायले शहरातल्या लेआउटचं काय समजते?" बाबांनी दुसऱ्या हप्त्यात विटा आणल्या. मधली भिंत गरजेपेक्षा उंच बांधली, इतकी की आमचीच तुळस सावलीत गेली. तेव्हापासून तीन वर्षं दोन घरांत शब्द नाही.

कॉम्प्युटरच्या यादीत मात्र त्यांचं वायफाय रोज दिसतं. चारपैकी तीन रेघा. भिंत त्याला अडवत नाही.

१२ मार्च, बुधवार

विचारणार नाही. कसं विचारणार?

१८ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते क्रमानं लिहिते.

आईचे पापड. दरवर्षी ती कुढते. पापड एकटीनं होत नाहीत, एकीनं लाटायचे तर दुसरीनं वाळत घालायचे, आणि पीठ तोवर कोरडं पडतं. जी तुमच्याकडे लाटायला येते तिच्याकडे तुम्ही जायचं, असा रिवाज. पण तीन वर्षं शेजारीण कुठली? आज सकाळी आई उडदाचा गोळा कुटत बसली होती, बाबा गावी. आणि भिंतीपलीकडून सिंधूताईंचा — गणपतकाकांच्या बायकोचा — आवाज आला.

"देवके, एकटीच कुटून राह्यली का वं?"

आईनं मुसळ थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकटीच नाही तं काय, तुह्या नवऱ्याले बोलवू?"

पलीकडून हसण्याचा आवाज. थोड्या वेळात सिंधूताई पोळपाट घेऊन आमच्या दारात! काका पेन्शनच्या कामाला धरमपेठेत गेले होते. तिघी बसलो. दोघी जणू कालच भेटल्या होत्या, अशा बोलत होत्या. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं. मला मात्र लाटणं धरवेना. माझे पापड वाकडे. सिंधूताई म्हणाल्या, पोरीचं ध्यान कुठी हाय?

आणि आईनंच सांगून टाकलं. तिला जसं समजलं तसं. पोरीच्या मशीनले दोन घरचं पाणी पाहिजे, एक आटलं तं दुसरं. आमच्याकडे एकच हाय.

मी म्हटलं, काकू, तुमचं वायफाय आमच्या खोलीत येतं. पण मी असंच घेणार नाही. तुम्ही दिलं तरच. आणि रोज वापरणार नाही, माझी वायर बंद पडली तरच.

त्या पापड लाटत राहिल्या. मग म्हणाल्या, "हवेतून येते ना ते? मंग हवा का आमच्या सासऱ्याची हाय?"

दुपारी त्यांनी डब्याखालच्या चिकटपट्टीचा फोटो पाठवला. पासवर्ड!

काकांना विचारलं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सांगतो मी, तू नको लक्ष घालू.

१९ मार्च, बुधवार

लागलं! लागलं! लागलं!

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला वायफाय पकडता येत नव्हतं, म्हणून नखाएवढा एक डोंगल आणला. मागे खोचला. वायर आहे तिथेच. आता एकाच कॉम्प्युटरला दोन्ही, एकाच वेळी! मला वाटायचं एक लावलं की दुसरं आपोआप सुटतं. सुटत नाही. दोन्ही जोडलेली राहतात, आणि कॉम्प्युटर स्वतःच वायर आधी धरतो. वायफाय मागे उभं असतं, हाक मारली की येणारं.

करून पाहिलं. मैत्रीण दिपालीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिला म्हटलं, बोलत राहा. ती तिच्या ऑफिसच्या जेवणाच्या डब्याबद्दल बोलत राहिली. मी वायर उपटली. ती थिजली — तोंड उघडं, हात हवेत — आणि परत हलली! म्हणते, "काहून हसून राह्यली?" तिला कळलंसुद्धा नाही.

कोपऱ्यातलं चित्र बदलतं. वायर असताना छोटा पडदा दिसतो, गेली की पंखा उघडल्यासारख्या रेघा. आईला बोलावून दाखवलं. परत लावली, परत काढली. आई म्हणाली पुरे, तुटेल.

एक गोष्ट फसवी आहे, लिहून ठेवते. वायर उपटली की कॉम्प्युटरला कळतं. पण वायर जागेवर आणि बाहेरची लाइन मेली, तर त्याला कळत नाही! डब्याशी जोडलेलं आहे म्हणून तो खुशाल मेलेल्या वायरवर बसून राहतो. सर म्हणाले, म्हणून डबा समोर ठेवा. लाल दिवा दिसला की वायर हातानं उपटायची, वाट पाहायची नाही.

डबा टेबलावर आणलाय. देवासारखा समोर.

२१ मार्च, शुक्रवार

सिंधूताईंनी काकांना अजून सांगितलं नाही. विचारलं तर म्हणतात, मोका पाहून सांगतो.

२४ मार्च, सोमवार

आज खरा कॉल. पहिला खरा!

पेशंट एक आजी. सोबत सून. डॉक्टर बाई दक्षिणेतल्या, हिंदी तुटक, इंग्रजी चांगलं. सर चौथ्या चौकटीत, कॅमेरा बंद, नुसते ऐकत होते. आजी म्हणाल्या, "उमासे येऊन राह्यले बाई, अन् अंगात कसर हाय." मी सांगितलं — उलटी होत नाही, नुसती उबळ येते, आणि ताप मोजण्याइतका नाही, पण अंगात जाणवतो. डॉक्टरबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, हे कालच्या कागदावर नुसतं 'उलटी, ताप' असं लिहिलंय. मग त्यांनी वेगळेच प्रश्न विचारले. लघवीचा रंग कसा, डोळे पिवळे दिसतात का. सुनेनं आजीची पापणी ओढून कॅमेऱ्यासमोर धरली.

आणि तेवढ्यात लाल दिवा.

चौकात रस्ता खोदत होते, त्यांनीच तार तोडली असणार. मी वाट पाहिली नाही. वायर उपटली. सगळे थिजले. आजीचा डोळा पडद्यावर मोठा, पिवळसर, न हलणारा. मनात नुसतं — ये, ये, ये.

आवाज आला! आजीचीच वाक्यं मधूनच — "...अन् जेवण पाहूच वाटत नाही." मी उचललं, पुढे सांगितलं. डॉक्टरबाईंनी आजच तालुक्याला न्यायला सांगितलं, रक्त तपासायला, आज म्हणजे आजच. सुनेकडून मी ते परत वदवून घेतलं.

कॉल संपल्यावर सर म्हणाले, "लाइन कधी गेली?" मी सांगितलं. ते म्हणाले, मला वाटलं माझंच नेट अडखळलं.

उठून अंगणात गेले. भिंतीला हात लावला. तापलेली होती. पलीकडे गणपतकाका नळीनं गाडी धूत होते, गाणं गुणगुणत. त्यांच्या लाइनीवरून आत्ता एक आजी दवाखान्यात निघाली, आणि त्यांना माहीत नाही.

२५ मार्च, मंगळवार

सरांना सांगितलं की दुसरी लाइन शेजारच्यांची आहे. पेशंटचं बोलणं दुसऱ्याच्या वायफायवरून जातं, ते चालतं का? रात्री याच विचारानं झोप आली नाही. सर म्हणाले, आपला कॉल कुलूपबंद जातो, मधे कोणाला ऐकू येत नाही, ती काळजी सोडा. पण लाइन ज्यांच्या नावावर, त्यांना माहीत असलं पाहिजे. नोकरी पक्की करताना त्यांची संमती लागेल.

ज्यांच्या नावावर. म्हणजे सिंधूताई नाहीत.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गणपतभाऊ देतील बी. पण तुह्ये बाबा घेतील का?"

हे मी लिहिलंच नव्हतं. आम्हाला दोघींना गणपतकाकांपेक्षा बाबांचीच भीती जास्त आहे. त्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणणारा माणूस. त्यांना कळलं की माझी नोकरी त्या घरच्या लाइनीवर उभी आहे, तर ते नोकरीच नको म्हणतील. रागानं नाही, स्वाभिमानानं. तेच तर अवघड आहे.

३० मार्च, रविवार, पाडवा

बाबांनी कूलर आणला!

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि दुपारी ते टेम्पोतून पत्र्याचा हा एवढा मोठा कूलर घेऊन आले. मला कल्पनाच नव्हती. "मशीनपुढं बसून माह्या पोरीले घाम नाही आला पाहिजे." स्वतः लोखंडी स्टँड ठोकला. स्वतः वाळ्याच्या ताट्या बसवल्या, स्वतः पाणी भरलं. सुरू केला तेव्हा खोलीभर ओल्या वाळ्याचा वास. आईनं डोळे मिटले. मीसुद्धा.

मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. वायफायच्या चित्रात तीन रेघा होत्या. एक उरली.

कूलर नेमका त्या खिडकीत बसवला होता. भिंतीकडच्या! त्यांचं वायफाय त्या एकाच खिडकीतून येतं, आणि आता मधे पत्र्याची पेटी आणि टाकीभर पाणी.

मी म्हटलं, बाबा, दुसऱ्या खिडकीत नाही का बसणार?

"काहून?"

काहून. काय सांगू? म्हटलं, इकडून उजेड जातो.

"तिकडं सैपाकघर हाय. फोडणीचा वास ओढंल दिवसभर. डॉक्टरसंगं बोलताना ठसका लागंल तुले."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती ते कळलं नाही.

मी बाबांना खोटं बोलले. उजेडाचं काही नव्हतं.

१ एप्रिल, मंगळवार

वायर काढून पाहिली. दिपालीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. ती म्हणाली, तुझाही तसाच. कूलर बंद केला तरी तेच. पत्रा तो पत्राच.

२ एप्रिल, बुधवार

युक्ती! डोंगलला लांब वायर जोडली आणि डोंगल वर झरोक्यात खिळ्याला टांगला, कूलरच्या डोक्यावरून. दोन रेघा! कधी कधीच. एक कावळा येऊन बसला की एक.

आई म्हणते, दृष्ट लागू नये म्हणून टांगलं असं सांगू बाबांना.

६ एप्रिल, रविवार

आज वाईट झालं. की चांगलं? मला कळत नाही. जसं घडलं तसं लिहिते.

रामनवमी. बाबा देवळातून आले. फाटकाशी चपला काढत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, पोळ्या लाटत. गणपतकाका त्यांच्या फाटकात उभे होते. एरवी बाबा दिसले की आत जातात. आज गेले नाहीत. म्हणाले —

"काय गा रुपराव, चालून राह्यला ना बरोबर? वायफाय."

माझं लाटणं थांबलं. आईनं तव्यावरची पोळी करपू दिली.

बाबा एक चप्पल हातात घेऊन उभे. त्यांना वायफाय हा शब्द माहीत आहे, त्यापुढचं काही नाही. त्यांनी गणपतकाकांकडे पाहिलं. आमच्या खिडकीकडे पाहिलं. मला पाहिलं. मग म्हणाले,

"चालते."

बस. तीन वर्षांतला पहिला शब्द. गणपतकाका म्हणाले, बरं बरं, अडचण आली तं सांगजो. आणि आत गेले.

बाबा घरात आले. हात धुतले. जेवायला बसले. मी वाढत होते. वाटलं आता विचारतील, आता विचारतील. वरण परत मागितलं. कूलरमध्ये पाणी भरलं. झोपले. संध्याकाळी माझ्या खोलीत आले, झरोक्यातला डोंगल पाहिला, खिळा हलवून पाहिला, पक्का आहे का.

ते रागावले असते तर मी सगळं सांगितलं असतं. त्यांनी विचारलंच नाही!

७ एप्रिल, सोमवार

बाबा पहाटे गेले. मी भिंतीशी जाऊन सिंधूताईंना हाक मारली. त्या आल्याच हसत. सगळं आता कळलं.

काकांच्या मुलानं, पुण्याच्या सौरवनं, त्यांच्या फोनवर काहीतरी टाकून दिलंय. त्यात वायफायवर कोण कोण आहे ते दिसतं. रिटायर झाल्यापासून काका दिवसातून दहा वेळा ते पाहतात. मागच्या महिन्यात एक नवीन नाव दिसलं — रुपराव!

कॉम्प्युटर घेतला तेव्हा पडद्यावर विचारलं होतं, मशीनला नाव काय देऊ. मी बाबांचं दिलं. दुसरं कोणाचं सुचणार? ते नाव बाहेर कोणाला दिसतं हे मला माहीतच नव्हतं.

काकांनी सिंधूताईंना विचारलं, रुपराव आपल्या वायफायवर कसा? आणि सिंधूताई घाबरून बोलून गेल्या — "म्या पासवर्ड देल्ला. मागतला त्यानं."

"अन् मंग?" मी विचारलं. माझ्या तोंडून पण तसंच निघालं.

"मंग काय. बसले खुर्चीत. लय वेळ. मंग म्हणते, रुपरावनं मागतला? स्वतःहून? म्या म्हटलं हो. म्हणते, तं राहू दे. एवढा अभिमानी माणूस, त्यानं पहिलं पाऊल टाकलं. आता म्या नाही बोललो तं माणूस कायचा मी." सिंधूताई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "पंधरा दिवस झाले, फाटकात उभं राहून पाठ करून राह्यले होते, काय बोलू अन् कसं बोलू."

पन्हाळीसुद्धा वळवून घेतली म्हणे. मी मागे जाऊन पाहिलं. खरंच, नवा पाइप आहे.

मी काय करू? गणपतकाका ज्या पावलानं हलले ते पाऊल बाबांनी टाकलेलंच नाही. सांगितलं तर सिंधूताई खोट्या पडतात, काकांचा अपमान होतो, बाबांचाही, आणि माझी लाइन जाते. नाही सांगितलं तर काकांची संमती मी घेणार ती कोणाच्या नावानं?

दुसऱ्याचं बोलणं बदलायचं नाही, जसं आहे तसंच पोचवायचं. कामाचा हा पहिलाच नियम मी सही करून घेतलाय.

९ एप्रिल, बुधवार

अंतिम चाचणी झाली. भाषा, ऐकणं, सांगणं — पैकीच्या पैकी! सर म्हणाले, वऱ्हाडीसाठी त्यांना माझ्यासारखं दुसरं कोणी मिळालं नाही. मी पाणी प्यायले.

मग लाइनीची चाचणी. "वायर काढा." काढली. आवाज पाण्याखाली. सर वाट पाहत राहिले. चित्र आलं, गेलं, आलं. सर म्हणाले, दुसरी लाइन आहे, पण कच्ची आहे. पेशंट असता तर तुटला असता. मग उपाय त्यांनीच सांगितला. शेजारच्या डब्यातून एक वायर तुमच्या खोलीत आणा, कॉम्प्युटरला वायरची जागा एकच, म्हणून टोकाला छोटा डबा लावा, त्या डब्याचं वायफाय तुमच्याच खोलीत. मधे खिडकी नाही, कूलर नाही. पूर्ण रेघा. आणि संमती. पंधरा तारखेच्या आत.

वायफाय हवेतून येतं, कोणाला दिसत नाही. वायर भिंतीवरून येणार. ती बाबांना दिसणार, गल्लीला दिसणार.

आणि तरी — पैकीच्या पैकी! आईनं साखर हातावर ठेवली. तिला म्हटलं, अजून झालं नाही. ती म्हणाली, जेवढं झालं तेवढ्याची खा.

१० एप्रिल, गुरुवार

सिंधूताईंकडे पापड लाटायला गेलो, आई आणि मी. रिवाजाप्रमाणे, परतफेड. काका गच्चीवर पापड वाळत घालत होते! स्वतः! मला पाहून म्हणाले, ये वं गोपिका, बाबा कधी येते? शनवारी येते ना? मी मान हलवली. माझ्याच्यानं त्यांच्याकडे पाहवेना.

खाली येऊन सिंधूताईंना हळूच सांगितलं — काकू, मी काकांना खरं सांगणार आहे. तुम्ही खोट्या पडाल. तुम्ही नको म्हणाल तर नाही सांगणार, पण मग वायरही नको.

त्यांनी लाटणं ठेवलं.

"सांग बाई. पण म्या घरी असताना सांग. त्याचं तोंड पाहाचं हाय मले."

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी गावाहून बाबांचा फोन. शेतावरून, मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज.

"गोपे, तार किती मीटर आणू?"

मी विचारलं, कसली तार बाबा?

"गणपतच्या घरून आपल्याकडं. तुह्या मायनं सांगतलं सगळं. अन् भिंतीवरून नको आणू, उन्हानं जळते. भिंतीतून काढू. ड्रिल आणतो मी."

मी म्हटलं, बाबा, त्यांना वाटतं तुम्ही पहिलं पाऊल टाकलं.

त्यांनी मोटार बंद केली. मग म्हणाले, "मंग टाकाच लागंल ना."

वायर आधी येणार नाही. खरं आधी जाणार. परवा, रविवारी, १३ एप्रिलला, ऊन चढायच्या आत, बाबांना सोबत घेऊन मी गणपतकाकांच्या फाटकातून आत जाणार आहे.